कानस सोडून तीन महिन्यांच्या सीएनसी वर्गाला जावे का?

तासगावचा प्रशिक्षणार्थी

सर्वांना नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मशिनिस्ट, म्हणजे सरकारी भाषेत ‘यंत्र कारागीर’, या दोन वर्षांच्या व्यवसायाच्या पहिल्या वर्षात शिकत आहे. घरची द्राक्षबाग थोरल्या भावाने सांभाळायची आणि मी कारखान्यात उभे राहायचे, असे दहावीनंतर घरात ठरले. मलाही ते मनापासून पटले होते, कारण फवारणीचा पंप बिघडला की तो खोलून बसण्याचे काम लहानपणापासून माझ्याकडेच येत असे.

अडचण अशी आहे की गेले पाच आठवडे आम्ही कानशीने एकच काम करीत आहोत. ७५ मिलिमीटर चौरस आणि १० मिलिमीटर जाडीचा माइल्ड स्टीलचा तुकडा बेंच व्हाइसमध्ये पकडायचा, त्याच्या कडा सपाट आणि एकमेकींशी काटकोनात घासायच्या आणि निदेशकांना दाखवायच्या. मी गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे साधन, लावून तुकडा खिडकीच्या उजेडासमोर धरतो तेव्हा मधोमध पाते टेकलेले असते आणि दोन्ही टोकांना उजेडाची बारीक फट दिसते. निदेशक काही न बोलता तुकडा परत हातात देतात. असे आतापर्यंत नऊ वेळा झाले आहे. संस्थेत सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणारे, मशीन एकच आहे, त्यावर दुसऱ्या वर्षाच्या मुलांचा गराडा असतो आणि आमच्या तुकडीतील वीस जणांची पाळी पुढच्या वर्षी येईल असे सांगितले जाते.

माझ्याबरोबर दहावी झालेल्या एका मित्राने संस्थेत प्रवेश न घेता एका खासगी वर्गात तीन महिन्यांचे सीएनसीचे शिक्षण घेतले. तो आता कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत ऑपरेटर म्हणून लागला आहे आणि पगार घरी देतो. ‘आता कानस कोण चालवतो?’ असे तो विचारतो आणि माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नसते. मी हे शिक्षण अर्धवट सोडून त्या वर्गाला जावे का? ज्यांनी प्रत्यक्ष कारखान्यात काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे, कारण घरात यातले जाणणारे कोणी नाही.

कुपवाडचा सेटर

भावा, तुझ्या मित्राला मी कमी लेखत नाही. माझ्या हाताखाली असे बरेच जण आहेत आणि त्यातले काही फार चलाख आहेत. मी स्वतः टर्नर, म्हणजे कातारी, हा व्यवसाय शिकून अकरा वर्षांपूर्वी या धंद्यात आलो. तुला सल्ला देण्याऐवजी एका रात्रपाळीत काय झाले ते सविस्तर सांगतो, कारण तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर त्यात आहे.

आमच्याकडे एका शाफ्टचे काम चालू होते. त्यावर बेअरिंग बसण्याची जागा २५ मिलिमीटर एच ६ या मापाची होती, म्हणजे व्यास २५.००० च्या वर जाता कामा नये आणि २४.९८७ च्या खाली येता कामा नये. मुभा अवघी तेरा मायक्रॉनची. मी संध्याकाळी सेटिंग करून व्यास २४.९९४ वर आणून दिला, दहा नग तपासले आणि मशीन एका नव्या मुलाच्या ताब्यात देऊन पलीकडच्या मशीनवर गेलो. मध्यरात्री कधीतरी कूलंटचा, म्हणजे कापताना गारवा देणाऱ्या द्रवाचा, नोझल धक्का लागून वळला आणि धार जॉबवर न पडता जॉब पकडणाऱ्या चकवर पडू लागली. जॉब तापू लागले. मुलाने मशीनमधून गरम नग काढला, एक मायक्रॉन दाखवणाऱ्या मायक्रोमीटरने लगेच मोजला, तर माप २५.००३ आले. इन्सर्टची, म्हणजे टूलच्या बदलता येणाऱ्या पात्याची, धार झिजली की व्यास वाढतो आणि तेव्हा ऑफसेट, म्हणजे टूलची जागा सुधारणारा आकडा, उणे द्यायचा, हे त्याला वर्गात शिकवलेले होते आणि ते शिकवणे चुकीचे नव्हते. त्याने नऊ मायक्रॉन उणे दिले. पडद्यावरचा आकडा बरोबर, मायक्रोमीटरवरचे माप बरोबर, आणि तरीही सकाळी थंड झालेले चाळीस नग २४.९८५ च्या आसपास भरले.

पोलाद एक अंश सेल्सिअस तापले की मीटरमागे सुमारे साडेअकरा मायक्रॉनने वाढते. २५ मिलिमीटरचा व्यास खोलीपेक्षा तीस अंशांनी गरम असेल तर तो साडेआठ मायक्रॉनच्या आसपास फुगलेला असतो, म्हणजे तेरातले साडेआठ नुसत्या उष्णतेने खाल्ले. धार झिजल्यामुळे वाढणारे माप नगागणिक थोडे थोडे सरकते, तर उष्णतेमुळे वाढलेले माप एकदम उडी मारते. त्या उडीकडे पाहून थांबायला हवे होते. व्यास मोठा राहिला असता तर पुन्हा एक कट घेता आला असता, कमी झालेला व्यास मात्र कोणी भरून देत नाही. ते चाळीस नग भंगारात गेले आणि त्याची बोलणी मी खाल्ली, जे योग्यच होते, कारण नोझलकडे लक्ष ठेव हे त्याला सांगणे माझे काम होते.

आता कानशीचा यात काय संबंध, असे तू विचारशील. मला कानशीनेच शिकवले की धातू तापतो, दबतो, हाताखाली वाकतो आणि माप म्हणजे फक्त आकडा नसून कोणत्या अवस्थेत घेतले त्यावर ते अवलंबून असते. घासून घासून तुकडा इतका गरम व्हायचा की आमचे निदेशक तो पाण्यात न बुडवता सरफेस प्लेटवर ठेवून चहा पिऊन यायला सांगत आणि मगच मोजू देत. तेव्हा मला तो वेळेचा अपव्यय वाटे.

मिरजेचा प्रोग्रामर

वरच्या मजकुरात तीन महिन्यांच्या वर्गातून आलेला मुलगा म्हणजे चाळीस नग घालवणारा, असे चित्र उभे राहते, म्हणून लिहितो. मीही अशाच वर्गातून आलो आहे. वडील अंथरुणाला खिळले होते आणि दोन वर्षे बिनपगारी शिकण्याची आमच्या घराची ऐपत नव्हती. आज मी व्हीएमसीचे, म्हणजे उभ्या सीएनसी मिलिंग मशीनचे, प्रोग्राम लिहितो.

मात्र प्रश्नकर्त्याने हेही ध्यानात घ्यावे की बटणे दाबण्यापासून प्रोग्राम लिहिण्यापर्यंत यायला मला सहा वर्षे लागली, ड्रॉइंग वाचायला मी पाळी संपल्यावर एका म्हाताऱ्या फोरमनजवळ बसून शिकलो, आणि दोन मोठ्या कारखान्यांनी काम पाहण्याआधीच प्रमाणपत्र मागून मला दारातून परत पाठवले. ज्याला घरून दोन वर्षे मिळत आहेत त्याने ती मोडू नयेत. ज्याला ती मिळत नाहीत त्याला कोणी हिणवू नये, एवढीच विनंती.

निवृत्त शिल्पनिदेशक, सातारा

मिरजेच्या मित्रांचे म्हणणे रास्त आहे आणि ते आधी मान्य करून पुढे लिहितो.

मी तीस वर्षांहून अधिक काळ हा व्यवसाय शिकवला. आपल्याकडे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली आणि तेव्हापासून ‘कानस किती दिवस’ हा वाद प्रत्येक तुकडीने घातला असावा. चिरंजीव, तुम्हाला असे वाटत आहे की दोन वर्षे हेच चालणार. तसे नाही. मशिनिस्टच्या अभ्यासक्रमात फिटिंगनंतर लेथ येतो, मग स्लॉटिंग, मिलिंग आणि ग्राइंडिंग, आणि त्यानंतर सीएनसी टर्निंग व सीएनसी मिलिंग. टर्नरचा मुलगा मुख्यतः लेथवर राहतो. तुमच्या व्यवसायाचा पसारा त्याहून मोठा आहे आणि म्हणूनच प्रत्येक भागाला दिवस कमी मिळतात. पाच आठवडे गेले म्हणता, तर कानशीचा मोठा भाग सरला आहे.

सीएनसी मशीनची वाट पाहत असताना लेथवर जे शिकाल ते फुकट जात नाही, याचे एकच उदाहरण देतो. हायस्पीड स्टीलच्या टूलने माइल्ड स्टील कापताना वेग मिनिटाला सुमारे ३० मीटर ठेवतात. जॉबचा व्यास २५ मिलिमीटर असेल तर ३० ला १००० ने गुणून ३.१४ आणि २५ च्या गुणाकाराने भागायचे. मिनिटाला ३८२ फेरे येतात आणि आपण लेथवर त्याच्या लगतचा खालचा वेग लावतो. हे गणित फळ्यावर प्रत्येकाला येते. पण त्याच जॉबचे तोंड छिलताना टूल मध्याकडे सरकू लागले की व्यास कमी होत जातो, म्हणजे कापण्याचा वेग तोच राखायचा तर फेरे वाढले पाहिजेत, आणि अगदी मध्यावर तर ते अनंत झाले पाहिजेत. साध्या लेथवर हे शक्य नसते, म्हणून मध्याजवळचा पृष्ठभाग खरखरीत येतो आणि मुले टूलला दोष देतात. सीएनसीवर जी ९६ ही आज्ञा दिली की मशीन हेच गणित क्षणाक्षणाला करते. फॅनुक पद्धतीच्या कंट्रोलरवर त्याआधी जी ५० ने फेऱ्यांची कमाल मर्यादा घालून द्यावी लागते, नाहीतर मध्याकडे जाताना जॉब फिरवणारा स्पिंडल आपल्या अखेरच्या वेगाला भिडतो आणि चकमध्ये नीट न धरलेला जॉब उडू शकतो. ज्याने लेथवर तो खरखरीत मध्य पाहिला आहे त्याला जी ५० का लिहायचे हे पाठ करावे लागत नाही.

शिक्षण सोडल्यास काय सोडता याचाही हिशेब करा. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, त्याच्या आधारावर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनासह मिळणारी उमेदवारी आणि तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याची संधी, हे सगळे त्या एका कागदावर उभे आहे. शिकवण्याची आवड असेल तर पुढे निदेशक होण्याचे प्रशिक्षणही घेता येते. उमेदवारीसाठी मोठा कारखाना निवडा. आपल्या दोन जिल्ह्यांत त्याची वानवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि सातारा रोड या गावी धनजीशा कूपर यांनी लोखंडी नांगरांचा कारखाना काढला, तेव्हापासून इथे ओतीव लोखंडाला माप देणारे हात लागत आले आहेत.

संस्थेतील एका मशीनमागे वीस मुले ही मात्र खरी तक्रार आहे आणि तिच्यावर मी पांघरूण घालणार नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी मैत्री करा, ते काम करीत असताना मागे उभे राहा, त्यांचा प्रोग्राम वहीत उतरवून घ्या आणि पुढची ओळ चालण्याआधी टूल कुठे जाईल ते मनात बोलून पाहा. मशीनला हात न लावता निम्मे शिक्षण असे होते.

सातारा एमआयडीसी, लहान कार्यशाळा

माझी सहा मशीनची कार्यशाळा आहे. तीन सीएनसी, एक व्हीएमसी आणि सासऱ्यांच्या काळातले दोन लेथ. ते लेथ विकून टाका असे सगळे सांगतात, पण तातडीचा एखादा बुश करायचा असला की सगळे त्यांच्याकडेच धावतात.

माणसे घेताना मी काय पाहते, ते सांगते. मी उमेदवाराला एक ड्रॉइंग, एक पिन आणि व्हर्नियर देते आणि पिन पास की नापास ते विचारते. व्हर्नियरच्या शून्यात मी मुद्दाम ०.०६ ची चूक ठेवलेली असते. बहुतेक जण झटकन माप सांगतात. थोडेच जण जबडे मिटवून आधी शून्य पाहतात. जो शून्य पाहतो त्याला मी ठेवून घेते, मग तो संस्थेतून आलेला असो वा वर्गातून. पण खरे सांगायचे तर शून्य पाहणारे मला संस्थेतून जास्त मिळाले आहेत, कारण तिथे कोणीतरी त्यांचा तुकडा नऊ वेळा परत केलेला असतो.

जुन्या मशीनबद्दल कुरकुर करू नका, हे मात्र मी आग्रहाने सांगेन. जुन्या लेथच्या, टूल आत-बाहेर सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडमध्ये बॅकलॅश असतो; हँडल उलटे फिरवले तर पहिला काही भाग नुसते हँडलच फिरते आणि टूल जागचे हलत नाही. म्हणून टूल पुढे जास्त गेले तर तेवढेच मागे घेऊन भागत नाही. अर्धा फेरा मागे यायचे आणि पुन्हा पुढे जाऊन मापावर थांबायचे. माझ्या व्हीएमसीवर गेल्या वर्षी गोल खिशाच्या, म्हणजे धातूत कोरलेल्या खळग्याच्या, भिंतीवर बरोबर समोरासमोर दोन ठिकाणी बारीक पायरी येऊ लागली. ऑपरेटरने दोन टूल बदलले, वेग कमी केला, कूलंट बदलले. लेथवर हात बसलेल्या एका मुलाने त्या पायऱ्या पाहिल्या आणि म्हणाला, ‘ताई, या जिथे अक्ष दिशा बदलतो तिथेच येत आहेत, बॉल स्क्रू सैल झाला असेल.’ डायल गेज लावून पाहिले तर एका अक्षात खरोखरच ढिलेपणा निघाला.

पगाराचे म्हणाल तर पहिल्या वर्षी तुमच्यात आणि तुमच्या मित्रात फारसा फरक राहणार नाही, किंबहुना तो पुढेच असेल. माझ्याकडे फरक पडतो तो सेटिंग स्वतंत्रपणे करता येऊ लागल्यावर. आणि एक गोष्ट विषयाला सोडून नाही म्हणून लिहिते: लेथवर हातमोजे घालू नका आणि चकची चावी चकमध्ये ठेवून क्षणभरही दूर जाऊ नका. मशीन सुरू झाले तर ती चावी समोर उभ्या माणसाच्या तोंडावर येते. माझ्याकडे नव्या मुलाची चावी चकमध्ये दिसली की त्या दिवशी त्याला मशीनवर उभे करीत नाही.

तासगावचा प्रशिक्षणार्थी

सर्वांचे आभार. मिरजेच्या दादांचे वाचून मित्राबद्दल मी जरा तोऱ्यात लिहिले असे वाटले. त्याच्या घरची स्थितीही तशीच आहे. मी शिक्षण पूर्ण करणार आहे.

निदेशक सर, एक शंका विचारतो. माझी कड मधोमध उंच आणि टोकांना उतरती का येते? मी मधल्या भागावर मुद्दाम जास्त घासतो, तरीही गोलाई जात नाही.

निवृत्त शिल्पनिदेशक, सातारा

कारण तुमची कानस झोपाळ्यासारखी हलते आहे. कानस पुढे ढकलायला सुरुवात करताना तिचे टोक थोडेच बाहेर असते, म्हणून डाव्या हाताचा दाब जास्त आणि उजव्याचा कमी हवा. मध्यावर दोन्ही सारखे. शेवटी उजव्याचा जास्त आणि डाव्याचा कमी. दाब दोन्ही हातांचा सारखाच ठेवला तर कानस सुरुवातीला मुठीकडे आणि शेवटी टोकाकडे कलते आणि तुकड्याच्या दोन्ही कडा खाते. परत येताना दाब देऊ नका, दातांची धार मरते. मधला उंच भाग काढताना एका तिरक्या दिशेने काही वेळ घासा, मग दुसऱ्या तिरक्या दिशेने. आधीच्या रेघांवर नव्या रेघा कुठे उमटत नाहीत ते पाहिले की खड्डा कुठे आहे ते कळते. दातांत कीस अडकून ओरखडे येत असतील तर तारेच्या ब्रशने कानस झाडून तिला खडू चोळा.

आणि आधी एक पाहा. व्हाइससमोर सरळ उभे राहून हात कोपरात दुमडा. व्हाइसच्या जबड्यांची वरची कड तुमच्या कोपराच्या उंचीला आली पाहिजे.

तासगावचा प्रशिक्षणार्थी

आज मोजले. माझ्या व्हाइसची कड कोपरापेक्षा चार बोटे वर होती. आमच्या निदेशकांना सांगितले तेव्हा त्यांनी कोपऱ्यातली लाकडी फळी आणून पायाखाली दिली आणि ‘पाच आठवड्यांनी विचारलेस’ एवढेच म्हणाले. संध्याकाळपर्यंत एका बाजूची फट गेली आहे. दुसऱ्या बाजूला अजून उजेड दिसतो.